अब्रू परत देता येते का?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इंग्रजी आणि मराठी शिकवतो. मध्यंतरी नववीच्या वर्गात इंग्रजीच्या एका उताऱ्यात 'लूज फेस' असा शब्दप्रयोग आला. अर्थ विचारला तर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, उस का चेहरा गुम हो गया." वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि फळ्यावर लिहिले, 'आबरू जाना'. त्याखाली मराठीत, 'अब्रू जाणे'. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले.

घरी आल्यावर मात्र त्या मुलाचे उत्तर डोक्यातून जाईना. खरे तर तो चुकला नव्हता. आबरू हा फारसी शब्द. आब म्हणजे पाणी, तेज. रू म्हणजे चेहरा. मोत्याचे पाणी उतरते तसे माणसाच्या चेहऱ्याचेही उतरते. मराठीने हा शब्द फार पूर्वी घरात घेतला, 'आब राखून' वागायला आपल्याला शिकवले. फक्त 'अब्रू' म्हणताना त्याच्या डोक्यावरची मद तेवढी उंबऱ्याबाहेर ठेवली. त्यामुळे उर्दूच्या मुलांची मोठी गंमत होते. अलिफवर मद असली तर आबरू, नसली तर अबरू, म्हणजे भुवई. 'अब्रुनुकसानीचा दावा' ही मराठी वर्तमानपत्रातली ओळ वाचून एका मुलाने आम्हाला विचारले होते, भुवईचे नुकसान झाले म्हणून लोक कोर्टात जातात का?

इंग्रजीतला तो 'फेस' मात्र मूळचा इंग्रजांचा नाही, चिनी लोकांचा आहे. एकोणिसाव्या शतकात चीनच्या बंदरांतून राहणाऱ्या इंग्रजांनी तो तिथल्या बोलण्यातून शब्दशः उचलला. 'सेव्ह फेस' हा त्याचा जोडीदार त्यांनी मागाहून स्वतःच घडवला. पण चिनी भाषेत या एका 'फेस'च्या जागी दोन शब्द आहेत, 'मिएन्झ' आणि 'लिएन'. हू श्येन-चिन या विदुषीने १९४४ साली एका लेखात त्यांतला फरक उलगडून दाखवला. मिएन्झ म्हणजे पद, पैसा, ओळखीपाळखी यांच्या जोरावर मिळालेला मोठेपणा. तो वाढवता येतो, उसना घेता येतो आणि दुसऱ्याला देताही येतो. लिएन म्हणजे हा माणूस सचोटीचा आहे, असा चार लोकांचा भरवसा. तो एकदा उडाला की समाजात उभे राहणे कठीण. आणि त्याच्यावर बाहेरच्यांचा पहारा असतो तसा माणसाच्या आतलाही असतो. इंग्रजी शिकणाऱ्या चिनी मुलाला हे दोन्ही शब्द 'फेस' या एकाच खुंटीवर टांगावे लागतात आणि वर 'शेम', 'डिस्ग्रेस', 'एम्बॅरसमेंट', 'ह्युमिलिएशन' ही पोतडी सांभाळावी लागते. कोणता शब्द कोणत्या प्रसंगी, हे शब्दकोश सांगत नाही.

आमच्या मुलांची अवस्था काही वेगळी नाही. घरी कोकणी बोली, शाळेत उर्दू, बाजारात मराठी आणि नोकरीसाठी इंग्रजी. प्रत्येक भाषेत शरमेचे कपाट वेगळे. उर्दूत शर्म, हया, ग़ैरत, नदामत, रुसवाई, ज़िल्लत. मराठीत लाज, नामुष्की, नाचक्की, छीथू, मानहानी. कधी एकच शब्द दोन घरांत दोन वजनांचा होतो. उर्दूतली फ़ज़ीहत माणसाला तोंड लपवायला लावते. तीच मराठीत फजिती होऊन आली आणि हसण्यावारी गेली. पावसात छत्री उलटली की मराठी माणसाची फजिती होते. उर्दूतली फ़ज़ीहत होण्यासाठी छत्री पुरत नाही.

एवढ्या शब्दांच्या गर्दीत आम्हाला एक रेघ मात्र सगळीकडे दिसते. काही शब्द आपल्या आत राहतात, काही लोकांच्या हातात. हया, शरम, लाज ही आपली आपल्याजवळ. अंधाऱ्या खोलीत, एकटे असतानाही ती येऊ शकते. हया ईमानाचा भाग आहे असे हदीसमध्ये आले आहे, ते या आतल्या लाजेविषयी. अब्रू, इज्जत, नाव ही मात्र आपली म्हणायची. त्यांच्या चाव्या मोहल्ल्याकडे असतात. म्हणून दोन्हींची ताटातूट होऊ शकते. महर्षी कर्वे आमच्याच जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातील मुरुडचे. १८९३ साली त्यांनी एका विधवेशी विवाह केला तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकले. गावाच्या हिशेबी त्यांची अब्रू गेली. पण शरम वाटावी असे त्यांनी काही केलेच नव्हते, आणि ती त्यांना वाटलीही नाही. याच्या उलट उदाहरणे प्रत्येकाच्या मोहल्ल्यात आहेत. बहिणींचा वाटा खाऊन बसलेले सद्गृहस्थ पहिल्या सफेत बसतात, त्यांची अब्रू शाबूत असते. त्यांना आत काय वाटते ते त्यांचे त्यांना ठाऊक.

इथपर्यंत शब्दांची चर्चा सोपी आहे. परंतु आमच्या मनात हा विषय फळ्यावरच्या त्या ओळीमुळे उठला नव्हता. तो आधीच तिथे होता.

नोकरीची सुरुवातीची वर्षे. बी.एड. होऊन फार दिवस झाले नव्हते. तेव्हा आम्ही ज्या शाळेत होतो तिथे आठवीच्या वर्गाची सहल ठरली आणि पैसे गोळा करण्याचे काम आमच्याकडे आले. एके दिवशी मधल्या सुट्टीनंतर हिशेब केला तर चौदाशे रुपये कमी. टेबलाच्या खणाला कुलूप नव्हते. सुट्टीत वर्गात एकच मुलगा बसून होता. त्याचे वडील खलाशी, बोटीवर गेलेले, घरची परिस्थिती बेताची. आम्ही त्याचे दप्तर सगळ्या वर्गासमोर उलटे केले. त्यातून एक चेंडू, अर्धी भाकरी आणि वह्या निघाल्या. पैसे निघाले नाहीत, पण तेवढ्याने आमचे समाधान झाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुआ आणि राष्ट्रगीत झाल्यावर आम्ही साऱ्या शाळेसमोर चोरीवर पाच मिनिटे बोललो. नाव घेतले नाही. फक्त बोलताना एकाच रांगेकडे पाहत होतो. चारशे मुलांनी माना वळवून त्या रांगेकडे पाहिले.

चार दिवसांनी पैसे सापडले. हजेरीपटाला आम्ही जे खाकी कव्हर घातले होते त्याच्या आत. ठेवणारे आम्हीच.

वाचकहो, पुढे काय केले ते सांगताना आजही लेखणी अडखळते. मुलाला शिक्षकखोलीत बोलावले, खांद्यावर हात ठेवला, "बेटा, हम से ग़लती हुई," असे म्हटले आणि खिशातले एक नवे पेन त्याला दिले. त्याने पेन घेतले, "जी सर" म्हणाला आणि गेला. आमच्या लेखी प्रकरण मिटले. आपण मोठ्या मनाचे आहोत, असेही थोडेसे वाटून गेले.

आठवड्याने त्याची आई आली. आम्ही खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. भांडलीही नाही. म्हणाली, "सर, पैसे गावले ते बरं झालं. पण माझ्या पोराचं नाव कुठं गावलं?" मुलांनी त्याचे नाव 'चौदाशे' ठेवले होते. मैदानात, मदरशात, वाडीच्या विहिरीवर, सगळीकडे तो 'चौदाशे' होता.

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात सतरावे कलम आहे. मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोहोंना तिथे मनाई आहे. आम्ही त्या मुलाला बोटही लावले नव्हते आणि म्हणून कायदा पाळला अशा समजुतीत होतो. कलमातला दुसरा शब्द आम्ही वाचला होता. तो आमच्याबद्दल आहे असे वाटले नव्हते.

त्यानंतर आम्ही भाषेकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. अब्रू घालवण्यासाठी मराठीत किती क्रियापदे आहेत! अब्रू जाते, घेतली जाते, धुळीला मिळते, वेशीवर टांगली जाते, चव्हाट्यावर येते. नाक कापले जाते, तोंड काळे होते, मान खाली जाते, तोंड दाखवायला जागा उरत नाही. गेलेली नाही तोवर ती राखता येते, झाकता येते, वाचवता येते. पण एकदा घेतलेली अब्रू ज्याची त्याला परत देण्यासाठी रुळलेले क्रियापद आम्हाला मराठीत आठवत नाही. उर्दूत इज़्ज़त बख़्शतात, पण ते वरच्याने खालच्याला करायचे काम. जणू आपल्याच पदरचे काही देतो आहोत. घेतलेले परत करणे वेगळे. कर्जाला फेड आहे, उसनवारीला परतफेड आहे, नमाज चुकली तर क़ज़ा आहे. अब्रूला यातले काहीच का नसावे?

कायद्याने भरपाईची वाट काढली आहे. अब्रुनुकसानी हा शब्दच असा की जणू गोदामातल्या मालाचे नुकसान. १८६० च्या दंडसंहितेत ४९९ आणि ५०० ही कलमे होती. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाने घेतली. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची, आणि आता पर्याय म्हणून समाजसेवाही. दिवाणी दाव्यात पैसे मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अब्रू हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, ही मोठी गोष्ट आहे. परंतु खलाशाची बायको मास्तरवर दावा लावत नाही. आणि लावून जिंकली असती तरी निकालाचा कागद विहिरीवर कोण वाचून दाखवणार?

आमच्या रत्नागिरीत तर या प्रश्नाची एक मोठी इमारतच उभी आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली त्याच्याच राजधानीतून, त्याच्याच प्रजेच्या डोळ्यांदेखत बैलगाडीतून बाहेर काढले. १८८६ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९१६ पर्यंत, तो येथे नजरकैदेत राहिला. १९१० मध्ये त्याला राजवाडा बांधून दिला. सहलीला मुलांना तिथे नेतो तेव्हा आम्हाला हटकून ते पेन आठवते. जे घेतले ते एक आणि जे दिले ते भलतेच.

त्या घराण्याची अब्रू पुन्हा एकदा गेली असे लोक म्हणत, ती थोरली राजकन्या फाया हिच्यामुळे. राजाच्या पदरी असलेल्या गोपाळ सावंत या विवाहित पहारेकऱ्याशी तिचे संबंध जुळले आणि १९०६ साली तिला मुलगी झाली. राजाने देश गमावला तेव्हा लोकांनी हळहळ केली. मुलीने मन गमावले तेव्हा कुजबुज. १९१९ मध्ये कुटुंब ब्रह्मदेशात परतले. फाया पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ साली येथेच वारली. तिची मुलगी टूटू गरिबीत वाढली, मराठी बोलली, येथेच संसार केला आणि २००० साली गेली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले, थिबाच्या कबरीचे दर्शन घेतले. राजाचा मान असा शंभर वर्षांनी का होईना, परत आला. टूटूने तर काहीच केले नव्हते. तिच्या आईच्या नावावर लोकांनी जे लिहिले ते तिला जन्मतःच मिळाले. एका बाईवर अत्याचार झाला तरी आपली भाषा 'तिची अब्रू लुटली' असेच म्हणते. लुटणाऱ्याची अब्रू कुठे जाते, याचे वाक्य मराठीत फारसे कुणी रचत नाही. उर्दूतही नाही. यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

आमच्या त्या चुकीकडे परत येतो. आई येऊन गेली त्या रात्री आम्ही सूरह हुजुरात तर्जुम्यासह पुन्हा वाचली. लहानपणापासून पाठ असलेली सूरह. कुणाची टिंगल करू नका, टोपणनावे ठेवू नका, गुमान करू नका, दुसऱ्याच्या झडत्या घेत फिरू नका. अकराव्या आणि बाराव्या आयतीत हे सगळे एका पाठोपाठ एक येते. आम्ही तीन दिवसांत एकूण एक मोडले होते. टोपणनाव आम्ही ठेवले नव्हते म्हणावे, तर रक्कम आम्हीच पुरवली होती.

मग सूरह नूर काढली. हजरत आयेशा (रजि.) यांच्यावर मदीन्यात तोहमत घेतली गेली तो प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. काफिल्यामागे राहिलेली एक तरुण स्त्री, हरवलेल्या हाराचा शोध, आणि मग सुमारे महिनाभर शहरभर चाललेली कुजबुज. त्यांच्या निर्दोषपणाचा निर्वाळा आला तो कुणाच्या कानात सांगण्यासाठी नव्हे. तो कुरआनात आला. नमाजात मोठ्याने पढला जाण्यासाठी, दर रमजानच्या तरावीहमध्ये ऐकला जाण्यासाठी. कुजबुज एका शहरात झाली होती. तिचे उत्तर चौदाशे वर्षांहून अधिक काळ जगभर ऐकू येते आहे. (चौदाशे हा आकडा लिहिताना आमचा हात थांबला, हे वाचकांनी समजून घ्यावे.) त्याच सूरहमध्ये खोटी तोहमत घेणाऱ्याची शिक्षाही आहे. फटक्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण पुढचा भाग आम्हाला अधिक बोचला. अशा माणसाची साक्ष यापुढे कधी मानू नये. ज्याने दुसऱ्याचे नाव घालवले त्याच्या शब्दाची किंमत गेली. अब्रू परत देण्याला कुणाच्या तरी अब्रूचे मोल पडते, असा आम्ही याचा अर्थ लावला. आम्ही आलिम नाही. चुकत असू तर जाणकारांनी दुरुस्त करावे.

म्हणजे काय करायला हवे ते त्या रात्रीच कळले होते. चारशे मुलांसमोर घेतले, चारशे मुलांसमोर द्यायचे. तरी आम्हाला अकरा दिवस लागले. रोज सकाळी दुआ होई, राष्ट्रगीत होई, आणि आम्ही 'उद्या' म्हणून वर्गात जात असू. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी प्रेमाने सांगितले, "असे भर मैदानात बोलाल तर शिक्षकाचा रोब राहणार नाही, उद्या मुले डोक्यावर बसतील." त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. आमच्या मनात होते तेच ते बोलले. तेरा वर्षांच्या पोराची लिएन गेली होती आणि आम्ही आमची मिएन्झ सांभाळत बसलो होतो. हे शब्द तेव्हा ठाऊक नव्हते. असते तरी अकराचे दहा दिवस झाले नसते.

बाराव्या दिवशी उभे राहिलो. मुलाचे पूर्ण नाव घेतले, वडिलांच्या नावासह. पैसे आम्हीच हजेरीपटात ठेवले होते हे सांगितले, दप्तर उलटे केल्याचे सांगितले, रांगेकडे पाहिल्याचेही सांगितले. शेवटी 'शर्मिंदा हूँ' म्हणावे की 'माफ़ी चाहता हूँ' हे रात्रभर ठरले नव्हते. शर्मिंदा म्हणणे म्हणजे आपले दुःख त्याच्यापुढे मांडणे, माफ़ी म्हणणे म्हणजे त्याच्याकडे काही मागणे. आणि आम्ही तर देणेकरी. तोंडातून शेवटी काय निघाले ते नीट आठवत नाही. मागच्या रांगेत दोन मुले हसली. तो मुलगा जमिनीकडे पाहत होता. आपल्यावरचा डाग पुसला जातो आहे याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर असेल अशी आमची भाबडी अपेक्षा होती. पुन्हा एकदा चारशे माना त्याच्याकडे वळल्या आहेत, एवढेच बहुधा त्याला कळत असावे.

त्याची आई पुन्हा आली नाही. ईदला मात्र धाकट्या मुलीच्या हाती शीरखुर्म्याचा डबा पाठवला. डबा धुऊन परत करताना रिकामा कसा द्यायचा म्हणून आमच्या घरून त्यात खजूर घालून दिले. दोन्ही बाजूंनी कुणी एक शब्द बोलले नाही.

मुलगा दहावी झाला, पुढे शिकला नाही. गेल्या वर्षी मिरकरवाडा बंदरावर आम्ही मासळी घ्यायला गेलो होतो. तो एका बोटीवरून बर्फाच्या पेट्या उतरवत होता. चांगला उंच झाला आहे, दाढी आली आहे. आम्हाला पाहून उडी मारून खाली आला, सलाम केला, सुरमईचा भाव स्वतः बोलून कमी करून दिला. वालिदांची तब्येत, बहिणीचे लग्न, असे बोलणे चालले होते. तेवढ्यात बोटीवरून कुणीतरी ओरडले, "ए चौदाशे, दोर पकड!"

तो वळला आणि म्हणाला, "आलो."